क्रिश्चियन कूपर आणि स्टार ट्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टार ट्रेक या अमेरिकन विज्ञानकथा-विश्वातल्या समलिंगी पात्रांचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा २०१६ च्या चित्रपटापासून किंवा २०१७ च्या मालिकेपासून सुरू होते. खरं तर त्याच्या अठरा-एकोणीस वर्षं आधी असं पात्र आणण्याचं काम ‘स्टारफ्लीट अकॅडमी’ या दरमहा निघणाऱ्या कॉमिकमध्ये होऊन गेलं होतं आणि त्याचे लेखक स्वतः उघडपणे समलिंगी होते. त्यांचं नाव क्रिश्चियन कूपर. त्यांच्याबद्दल आणि त्या कॉमिकबद्दल वाचक जे पुन्हापुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

क्रिश्चियन कूपर म्हणजे सेंट्रल पार्कमधले ते पक्षीनिरीक्षकच ना?

हो, तेच. २५ मे २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या रॅम्बल या झाडीच्या भागात त्यांनी एका महिलेला कुत्र्याला साखळी लावायला सांगितलं. तिथे तसा नियमच आहे. तिने पोलिसांना फोन करून एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस आपल्याला धमकावतोय असं सांगितलं. कूपर यांनी हे मोबाइलवर टिपलं होतं. त्यांच्या बहिणीने ती चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली आणि ती जगभर पसरली. त्याच दिवशी मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला, त्यामुळे दोन्ही घटना लोकांच्या मनात एकमेकींना चिकटून राहिल्या.

त्या काही मिनिटांच्या चित्रफितीने कूपर यांची आधीची सगळी ओळख झाकून टाकली, याची मला मनापासून खंत वाटते. मार्वल कॉमिक्समधले पहिले उघडपणे समलिंगी लेखक आणि संपादक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. विज्ञानकथेच्या एका मोठ्या विश्वात त्यांनी जे लिहिलं ते त्या सकाळच्या कितीतरी आधीचं आहे, आणि ते त्याच्या स्वतःच्या बळावर लक्षात राहायला हवं.

ते कॉमिककडे कसे वळले?

कूपर लाँग आयलंडवर वाढले. आईवडील दोघंही शिक्षक. लहानपणी त्यांना तीन गोष्टींचा नाद होता: पक्षी, सुपरहिरोंची कॉमिक आणि स्टार ट्रेक. आपण समलिंगी आहोत हे त्यांना लवकर कळलं होतं, पण १९७० च्या दशकातल्या त्या उपनगरात ते कुणाला सांगण्याची सोय नव्हती. पुढे ते हार्वर्डमध्ये शिकले, १९८४ मध्ये पदवीधर झाले, आणि तिथल्या पक्षीनिरीक्षण मंडळाचे अध्यक्षही होते. माध्यमांमध्ये समलिंगी लोकांचं चित्रण कसं होतं यावर लक्ष ठेवणाऱ्या ग्लाड या संस्थेच्या संचालक मंडळावरही ते होते. ही संस्था १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली होती. म्हणजे मार्वलच्या कचेरीत ते आले तेव्हा पडद्यावर आणि पानावर कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, या प्रश्नाचा त्यांचा अभ्यास झालेला होता.

मार्वलमध्ये त्यांनी नेमकं काय केलं?

आधी संपादन विभागात काम केलं. ‘अल्फा फ्लाइट’ या मालिकेच्या १०६ व्या अंकात, १९९२ मध्ये, नॉर्थस्टार हा सुपरहिरो आपण समलिंगी असल्याचं जाहीर करतो. मार्वलच्या एखाद्या मोठ्या नायकाने असं म्हणण्याची ती पहिलीच वेळ. कथा स्कॉट लॉब्डेल यांची होती. कूपर तेव्हा त्या मालिकेच्या संपादन चमूत होते.

याची पार्श्वभूमी माहीत असायला हवी. १९५४ पासून अमेरिकन कॉमिकवर ‘कॉमिक्स कोड’ नावाची आचारसंहिता होती. प्रकाशकांनी सरकारी बंधनं टाळण्यासाठी ती स्वतःवरच घालून घेतली होती. लैंगिक ‘विकृती’चा साधा सूचक उल्लेखही तिला चालत नसे, आणि समलिंगी संबंध त्यातच मोजले जात. कोडचा शिक्का नसलेला अंक बरेच विक्रेते दुकानात ठेवतच नसत. १९८९ मध्ये हा नियम सैल झाला. नॉर्थस्टार हे पात्र १९७९ चं. म्हणजे तेरा वर्षं त्याच्याबद्दल फक्त आडून सुचवलं गेलं, कारण त्यातली बहुतेक वर्षं उघड लिहायची मुभाच नव्हती.

त्याच १९९२ मध्ये कूपर यांनी ‘डार्कहोल्ड’ ही स्वतःची भयकथा मालिका लिहायला घेतली. तिची नायिका व्हिक्टोरिया माँटेसी ही मार्वलची पहिली उघडपणे लेस्बियन नायिका मानली जाते. तिची जोडीदार नताशा साल्वातोरे डॉक्टर आहे. शापित ग्रंथ, राक्षस, रक्तपात असा सगळा मामला असलेल्या या मालिकेत त्या दोघींचं नातं मात्र घरगुती, रोजच्या कुरबुरींचं आहे. मालिका सोळा अंक चालली.

स्टार ट्रेक मार्वलकडे आली कशी?

स्टार ट्रेकच्या कॉमिकचा परवाना आजवर अनेक घरं फिरला आहे. १९६७ पासून तो गोल्ड की या प्रकाशकाकडे होता, नंतर थोडा काळ मार्वलकडे, १९८४ पासून डीसी या प्रकाशकाकडे. १९९६ मध्ये स्टार ट्रेकची हक्कदार कंपनी पॅरामाउंट आणि मार्वल यांनी मिळून नव्या कॉमिक मालिकांची फळी उभी केली. सुरुवात झाली ती स्टार ट्रेकच्या एंटरप्राइझ यानाची आणि मार्वलच्या एक्स-मेन या सुपरहिरोंची गाठ घालणाऱ्या विशेषांकाने. मग ‘डीप स्पेस नाइन’, ‘व्हॉयेजर’, ‘अर्ली व्हॉयेजेस’, ‘अनलिमिटेड’ आणि ‘स्टारफ्लीट अकॅडमी’ ही मासिकं निघाली. शेवटचं कूपर यांच्याकडे आलं.

‘स्टारफ्लीट अकॅडमी’ची कल्पना काय होती?

माझ्या मते त्या फळीतली सर्वांत मोकळी मालिका हीच होती, आणि तो मोकळेपणा तिच्या रचनेतच होता.

‘डीप स्पेस नाइन’ या दूरचित्रवाणी मालिकेत नॉग नावाचा फेरेंगी मुलगा होता. फेरेंगी म्हणजे नफ्यापलीकडे दुसरा देव न मानणारी व्यापारी जमात. त्यातला हा पोरगा १९९५ मध्ये हट्टाने स्टारफ्लीट या अंतराळदलात भरती व्हायचं ठरवतो आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या अकादमीत जातो. अंतराळस्थानकाची गोष्ट पुढे चालूच राहिली, त्यामुळे तिकडे पृथ्वीवर नॉगचं काय चाललंय ते प्रेक्षकांना क्वचितच दिसे. कूपर यांच्या मालिकेने ही मोकळी जागा घेतली. पडद्यावरचा एकटा नॉग घ्यायचा आणि त्याच्याभोवती नव्या कॅडेटांचं पथक उभं करायचं. त्या पथकाचं नाव ओमेगा.

पथकात मॅट डेकर होता. जुन्या मालिकेतल्या कमोडोर डेकरच्या घराण्यातला, त्यामुळे आडनावाचं ओझं घेऊन आलेला. अँडोरियन जमातीची पावा होती, निळ्या कातडीची आणि भांडणाला कायम तयार. व्हल्कन जमातीची टी’प्रिएल होती, मन वाचणारा बीटाझॉइड इडम अॅस्ट्रन होता, आणि कमिला गोल्डस्टीन, जिच्या नावातच दोन धर्मांचा वारसा होता. सुरुवातीची चित्रं क्रिस रनॉ यांनी काढली. हेच रनॉ पुढे ‘डिस्पिकेबल मी’ या अॅनिमेशनपटाचे सहदिग्दर्शक झाले. त्यांच्या कॅडेटांचे चेहरे पाहिले की त्यांच्यातला अॅनिमेशनवाला तिथेच दिसतो: भुवया, खांदे, हातवारे सगळं बोलतं.

स्टार ट्रेकमधल्या क्लिंगॉन जमातीसाठी रचलेल्या भाषेचा शौक असलेल्या चाहत्यांसाठी या मालिकेचा एक अंक इंग्रजीसोबत क्लिंगॉनमध्येही निघाला होता. १९९७ मध्ये ‘टेलिपथी वॉर’ नावाची एक लांब कथा वेगवेगळ्या मासिकांमधून फिरली, तिच्यातही या पथकाचा वाटा मोठा होता.

योशी मिशिमा कोण, आणि त्याच्याबद्दल एवढं का बोललं जातं?

योशी मिशिमा हा पथकात नंतर आलेला जपानी कॅडेट. स्टार ट्रेकमधलं पहिलं उघडपणे समलिंगी मानवी पात्र म्हणून त्याची नोंद घेतली जाते. १९९९ मध्ये या मालिकेला ग्लाडच्या माध्यम पुरस्कारासाठी नामांकन मिळालं.

तो मानव आहे, हे इथे फार महत्त्वाचं आहे. स्टार ट्रेकने तोवर हा विषय अनेकदा परग्रहवासीयांच्या आडून मांडला होता. दूरच्या ग्रहावरची कुठली तरी जमात घ्यायची, तिच्यावर आपला प्रश्न लादायचा आणि शेवटी यानात बसून निघून जायचं. अशा कथा ऐकणाऱ्याला विचार करायला लावतात हे खरं, पण त्यांच्यातून एक प्रश्न उरतोच. बाविसाव्या, तेविसाव्या, चोविसाव्या शतकातल्या माणसांमध्ये समलिंगी कुणी आहे की नाही? स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या भविष्यात वंश, देश, धर्म यांचे तंटे मिटलेले होते. यानाच्या नियंत्रणकक्षात १९६६ मध्येच आफ्रिकन, जपानी आणि पुढच्या वर्षी रशियन माणूस बसला होता. तरी तीस वर्षं गेली आणि आपल्यासारखं प्रेम करणारा एकही माणूस तिथे बसलेला समलिंगी मुलाला दिसला नाही. सगळे पूर्वग्रह संपलेल्या जगात आपण मात्र नाही, यातून त्या मुलाने काय समजायचं? कूपर स्वतः असाच एक मुलगा होते. मिशिमा हे त्या मुलाला दिलेलं उत्तर आहे, असं मी मानतो.

दुसरी गोष्ट गणवेशाची. मिशिमा कॅडेट आहे, म्हणजे लष्करासारख्या दलात अधिकारी व्हायला शिकणारा तरुण. तो छापला गेला तेव्हा खऱ्या अमेरिकेत ‘विचारू नका, सांगू नका’ हे १९९३ चं धोरण लागू होतं. अमेरिकन लष्करी अकादमीतला मुलगा स्वतःबद्दल खरं बोलला तर त्याला काढून टाकलं जाई. ते धोरण २० सप्टेंबर २०११ रोजी संपलं. वाचकाच्या काळात जो कॅडेट गणवेशात राहू शकत नव्हता, त्याला कूपर यांनी चोविसाव्या शतकातल्या अकादमीत पथकासोबत उभं केलं. मला यात फार धीट राजकारण दिसतं, आणि तेही किशोरवयीन वाचकांसाठीच्या साहसकथेत, कुठेही भाषण न देता.

तोवर पडद्यावर काय घडलं होतं?

बरंच काही घडता घडता राहिलं होतं.

डेव्हिड जेरल्ड हे ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ या १९६७ च्या लाडक्या भागाचे लेखक, आणि स्वतः समलिंगी. १९८७ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ सुरू होताना त्यांनी ‘ब्लड अँड फायर’ नावाची पटकथा लिहिली. एड्सच्या भीतीचं रूपक असलेली ही कथा, आणि तिच्यात यानावरचं एक समलिंगी जोडपं. तेव्हा एड्सच्या भीतीने लोक रक्तदानालाही घाबरत होते. हा भाग पाहून प्रेक्षकांनी रक्तदान करावं, अशी जेरल्ड यांची इच्छा होती. तो कधी चित्रित झाला नाही आणि जेरल्ड मालिकेतून बाहेर पडले. पुढे २००८ मध्ये चाहत्यांनी स्वखर्चाने चालवलेल्या एका निर्मितीत ती कथा अखेर पडद्यावर आली.

१९९१ च्या ‘द होस्ट’ या भागात डॉक्टर क्रशरचा प्रियकर ट्रिल जमातीचा असतो. त्याच्या पोटातला सहजीव नव्या शरीरात जातो आणि ते शरीर स्त्रीचं निघतं. डॉक्टर तिथेच थांबते. १९९२ च्या ‘द आउटकास्ट’मध्ये लिंगभेद न मानणाऱ्या जमातीतली सोरेन स्वतःला स्त्री समजते आणि तिला त्याची शिक्षा होते. भूमिका स्त्री कलाकाराला दिली होती. सोरेनच्या प्रेमात पडणाऱ्या रायकर या अधिकाऱ्याचं काम करणारे जोनाथन फ्रेक्स यांनी नंतर उघड सांगितलं की तिथे पुरुष नट असायला हवा होता. या सगळ्यात सर्वांत धीट भाग ‘डीप स्पेस नाइन’मधला, १९९५ चा ‘रीजॉइन्ड’. त्यात जॅड्झिया डॅक्स आणि लेनारा कान या दोन स्त्रियांचं चुंबन दाखवलं गेलं. भाग उत्तम आहे, दिग्दर्शन एव्हरी ब्रूक्स यांचं आहे. पण त्याही दोघी ट्रिल, आणि त्यांचं प्रेम मागच्या जन्मातल्या लग्नाचं.

रॉडनबेरी यांनी १९९१ मध्ये मालिकेत समलिंगी पात्रं येतील असं सांगितलं होतं. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला ते गेले, आणि नंतरच्या निर्मात्यांनी ते काम मार्गी लावलं नाही.

मग टीव्हीवर जे जमलं नाही ते कॉमिकमध्ये कसं जमलं?

कारण कॉमिकवर लक्ष कमी आणि पैसा कमी. टीव्हीचा एक भाग बिघडला तर जाहिरातदार, वाहिन्या, प्रांतोप्रांतीची केंद्रं सगळी हलतात. मासिकाचा एक अंक म्हणजे जेमतेम बावीस पानांची कथा. ती एक लेखक, एक पेन्सिलवाला, एक शाईवाला, एक रंगवणारा, एक अक्षरं काढणारा आणि एक संपादक मिळून महिनाभरात उभी करतात.

याचा अर्थ लेखक मोकळा होता असं मात्र नाही. परवान्यावर चालणाऱ्या कॉमिकमध्ये कथेची रूपरेषा, संवाद, चित्रं हे सगळं हक्कदार कंपनीच्या मंजुरीला जातं. पडद्यावरच्या पात्रांना लेखकाने कायमचं बदलायचं नसतं: कॅप्टन कर्कचं लग्न लावता येत नाही, कॅप्टन पिकार्डला मारता येत नाही. आणि जे निर्माण कराल ते तुमचं राहत नाही. काम मोबदल्यावर होतं आणि पात्रं कंपनीची होतात. योशी मिशिमाही कूपर यांच्या मालकीचा नाही.

या चौकटीत ‘स्टारफ्लीट अकॅडमी’ला एक फायदा होता. नॉग सोडला तर पथकातलं कुणीच पडद्यावरचं नव्हतं. नव्या मुलांचं काय करायचं ते लेखक ठरवू शकत होता, त्यांना बदलू शकत होता. परवान्याचं काम दुय्यम समजणाऱ्यांना मी हेच सांगेन: कडेला मिळालेल्या या अंगणात कूपर यांनी ते पेरलं जे मुख्य वाड्यात कुणी पेरू देत नव्हतं.

पण ही कॉमिक अधिकृत इतिहासात धरली जात नाहीत ना?

नाही धरली जात. स्टार ट्रेकमध्ये जे पडद्यावर घडतं तेच घडलं असं मानायची रीत आहे. कादंबऱ्या आणि कॉमिक त्याबाहेर. त्यामुळे ‘पहिलं समलिंगी पात्र’ अशा याद्यांमध्ये मिशिमाचं नाव बऱ्याचदा नसतं.

मला ही रीत पटत नाही. कथाविश्वाची सुसंगती राखायला ती सोयीची असेल, पण कुणी काय लिहिलं याचा इतिहास तिच्यावर ठरवता येणार नाही. अंक छापला गेला, दुकानात गेला, मुलांनी वाचला. एखाद्या गावात कुणाशीच बोलू न शकणाऱ्या मुलाला तो अंक हातात पडला असेल तर त्याच्यासाठी तो पूर्ण खरा होता.

आणि कडेच्या गोष्टी मध्यभागी झिरपतातही. कूपर यांच्या पथकातली पावा २००५ पासूनच्या ‘टायटन’ कादंबऱ्यांमध्ये कॅप्टन रायकरच्या यानावर सुरक्षा अधिकारी म्हणून पुन्हा येते. त्याच यानावर सुरक्षा विभागाचा प्रमुख रॅनुल केरू आहे. तोही समलिंगी. त्याच्याबद्दल पुढच्या उत्तरात.

कूपर एकटेच होते का?

नव्हते. अँडी मँगल्स हे दुसरं नाव. ओरेगनमधल्या पोर्टलंडचे हे लेखक १९८८ पासून सॅन डिएगोच्या कॉमिक संमेलनात ‘गेज इन कॉमिक्स’ हे चर्चासत्र चालवत आले. त्या काळी अशा सत्रात व्यासपीठावर बसणं म्हणजे कामं गमावण्याची तयारी ठेवणं. १९९० च्या दशकात त्यांनी ‘गे कॉमिक्स’ या मासिकाचं संपादनही केलं. ते मासिक हॉवर्ड क्रूज यांनी १९८० मध्ये सुरू केलं होतं.

मँगल्स यांनी मायकल मार्टिन यांच्या जोडीने मार्वलच्या त्याच फळीत ‘डीप स्पेस नाइन’चे अंक लिहिले, म्हणजे कूपर यांचे ते शेजारीच. पुढे या जोडीने स्टार ट्रेकच्या कादंबऱ्या लिहिल्या. १९९६ च्या ‘फर्स्ट काँटॅक्ट’ चित्रपटात लेफ्टनंट हॉक नावाचा तरुण अधिकारी आहे. तो समलिंगी दाखवणार अशी चाहत्यांत कुजबुज होती, निर्मात्यांनी ती नाकारली, आणि चित्रपटात तो मरतो. मँगल्स-मार्टिन यांनी २००१ च्या ‘रोग’ (Rogue) या कादंबरीत हॉकला जोडीदार दिला: रॅनुल केरू. मेलेल्या पात्राला मागे वळून एक घर दिलं आणि जो मागे उरला त्याला दुःख करायचा हक्क दिला. टायटनवरचा केरू तो हाच.

मालिका बंद का पडली?

१९९६ च्या डिसेंबरमध्ये मार्वलने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. अख्ख्या अमेरिकन कॉमिक बाजाराला तेव्हा उतरती कळा होती. १९९८ मध्ये स्टार ट्रेकची सगळी फळीच थांबली. ‘स्टारफ्लीट अकॅडमी’चे १९ अंक झाले. ‘अर्ली व्हॉयेजेस’ तर कथा अर्धवट सोडून १७ व्या अंकावर संपली. मिशिमा पथकात रुळतोय तोवर पथकच गेलं. आणखी दोन वर्षं मिळाली असती तर त्याची गोष्ट कुठवर गेली असती, याची मला आजही हळहळ वाटते.

पडद्यावर शेवटी हे केव्हा आलं?

२०१६ च्या ‘स्टार ट्रेक बियाँड’मध्ये जॉन चो यांनी साकारलेला यानाचा चालक सुलू आपल्या नवऱ्याला आणि मुलीला भेटताना काही क्षण दिसतो. मूळ सुलू साकारणारे जॉर्ज टाकेई स्वतः समलिंगी, २००५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. त्यांना हा बदल आवडला नाही. जुन्या पात्राला बदलण्याऐवजी नवं समलिंगी पात्र निर्माण करा, असं त्यांचं म्हणणं होतं. अनेकांना ते विचित्र वाटलं. मला त्यात तथ्य वाटतं, कारण कूपर यांनी १९९० च्या दशकात नेमकं तेच केलं होतं.

मग २०१७ मध्ये ‘डिस्कव्हरी’ आली. पॉल स्टॅमेट्स आणि ह्यू कल्बर, एक शास्त्रज्ञ आणि एक डॉक्टर, एका खोलीत राहणारे, सोबत दात घासणारे. अँथनी रॅप आणि विल्सन क्रूज हे दोन्ही नट खऱ्या आयुष्यातही समलिंगी आहेत. २०२० मध्ये त्याच मालिकेत आदिरा आणि ग्रे ही नॉन-बायनरी आणि ट्रान्स पात्रं आली.

स्टार ट्रेकनंतर कूपर यांनी काय केलं?

पोटापाण्यासाठी वैद्यकीय विषयांवरच्या मजकुराचं संपादन. सोबत ‘क्वीअर नेशन’ नावाचं स्वतःचं वेबकॉमिक. पहाटे सेंट्रल पार्क, विशेषतः वसंतात, जेव्हा दक्षिणेकडून येणारे वटवटे तिथे मुक्काम करतात.

२०२० च्या घटनेनंतर डीसीने त्यांना कथा मागितली. ‘इट्स अ बर्ड’ ही छोटी कथा त्याच वर्षी निघाली, चित्रं अलिथा मार्टिनेझ यांची. ज्युल्स या कृष्णवर्णीय मुलाला आजोबांची दुर्बीण मिळते, आणि तिच्यातून पाहताना पक्ष्यांच्या जागी पोलिसांच्या हातून मेलेली माणसं दिसू लागतात. तिच्यात राग आहे पण सूडबुद्धी नाही. कूपर यांनी प्रत्यक्षातही त्या महिलेविरुद्धच्या खटल्यात सरकारी वकिलांना सहकार्य केलं नव्हतं.

२०२३ मध्ये ‘बेटर लिव्हिंग थ्रू बर्डिंग’ हे त्यांचं आत्मकथन आलं, आणि त्याच वर्षी नॅशनल जिऑग्राफिकवर ‘एक्स्ट्रॉऑर्डिनरी बर्डर’ हा कार्यक्रम. त्यातल्या निवेदनासाठी २०२४ मध्ये त्यांना डेटाइम एमी मिळाला.

आपल्याकडच्या वाचकाशी याचं काही नातं आहे का?

थोडं आहे. मूळ स्टार ट्रेक १९८० च्या दशकात दूरदर्शनवर लागे, त्यामुळे आज पन्नाशीत असलेल्या अनेकांची स्पॉकशी पहिली भेट तिथली. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात इलिया ही भूमिका मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी केली होती, त्यासाठी डोक्यावरचे सगळे केस काढले होते. चित्रपटात इलिया ज्याच्यावर प्रेम करते तो विल डेकर. कूपर यांचा मॅट डेकर याच घराण्यातला. म्हणजे धागा दूरचा असला तरी मुंबईपर्यंत येतो.

आणि कायद्याचं सांगायचं तर मिशिमा छापला गेला तेव्हा भारतात कलम ३७७ पूर्ण जोरात होतं. दोन प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मोकळं करणारा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. अमेरिकेतही काही राज्यांत असे कायदे २००३ पर्यंत होते. त्या अंकांना तेव्हाच्या वाचकाच्या जागी बसून वाचायला हवं ते यासाठी.

सुरुवात कुठून करावी?

आधी ‘डीप स्पेस नाइन’मधले नॉगचे सुरुवातीचे भाग पाहा, विशेषतः १९९५ चा ‘हार्ट ऑफ स्टोन’, ज्यात तो स्टारफ्लीटमध्ये का जायचं ते स्थानकाचा प्रमुख सिस्को याला सांगतो. नॉग साकारणाऱ्या अॅरन आयझेनबर्ग यांनी तो प्रसंग जीव ओतून केला आहे. मग ‘स्टारफ्लीट अकॅडमी’ पहिल्या अंकापासून क्रमाने वाचा. मिशिमासाठी थेट शेवटच्या अंकांवर उडी मारू नका, कारण पथकातल्या भांडणांची सवय झाल्याशिवाय त्याचं येणं समजत नाही. ‘टेलिपथी वॉर’चे इतर मासिकांतले भाग मिळाले नाहीत तरी फार अडत नाही. जुने अंक दुर्मीळ नाहीत, वापरलेल्या कॉमिकच्या बाजारात ते माफक किमतीत दिसतात.

त्यानंतर ‘रोग’ आणि ‘टायटन’मधली पहिली ‘टेकिंग विंग’ या दोन कादंबऱ्या, याच क्रमाने, म्हणजे केरू आणि पावा एकाच यानावर भेटतील. कूपर यांचं आत्मकथन ऐकायला मिळत असेल तर वाचण्यापेक्षा ऐका. ते त्यांनी स्वतःच वाचलं आहे, आणि मधून मधून खऱ्या पक्ष्यांचे आवाजही येतात.